हिंगामुळे काही झालं नाही गं आई

आई, बाबा,

फोनवर बोलायला लागलं की आईचा गळा भरून येतो आणि मग मलाही सुचत नाही, म्हणून लिहितोय. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा.

त्या रात्री ओजूला घेऊन गेलो तेव्हा कॅज्युअल्टीत सगळ्यांदेखत मी आईवर ओरडलो, बाळाच्या पोटाला हिंग चोळत बसलीस आणि चार तास घालवलेस म्हणून. चुकलं माझं. हिंगाने, बाळगुटीने आतडं आतड्यात शिरत नाही, मी सर्जनना दोनदा विचारलं. सर्दीतापानंतर आतड्यातल्या गाठी सुजतात आणि कधीकधी लहान आतडं मोठ्या आतड्यात सरकत जातं, स्वेटर काढताना बाही आत ओढली जाते ना तसं. बरेचदा नेमकं कारण सापडतही नाही, आणि ओजूसारख्या चांगल्या धडधाकट बाळांनाच, सहा महिने ते दोन वर्षांच्या, हे जास्त होतं.

उलट आम्ही दोघं दात येतायत म्हणत होतो तेव्हा तूच म्हणालीस, हे दाताचं रडणं नाही, दर वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळतो आणि मधे अगदी मलूल पडतो. तुझं हे वाक्य मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं आणि हिरवी उलटी ऐकल्यावर त्यांनी लगेच हाताला सलाईन लावून सोनोग्राफीला पाठवलं. स्क्रीनवर एकात एक गोल दिसत होते. जेलीसारखी लाल शी त्यानंतर झाली, तिची वाट बघितली असती तर उशीर झाला असता. मग सोनोग्राफीवर बघत बघत शीच्या जागेतून सलाईन सोडलं, त्या दाबाने आतडं मागे सरकलं, पोट उघडावं लागलं नाही. ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं होतं, तो कागद सही करताना माझा हात थरथरत होता, आणि तू विणलेला एक पिवळा मोजा माझ्या मुठीत राहिला होता.

आता एक सांगायचंय. एक तारखेपासून ओजूला पाळणाघरात घालायचं ठरवलंय, पैसेही भरलेत. तुमच्यावर विश्वास नाही असं मनात आणू नका प्लीज, आईचे गुडघे, बाबांची अँजिओप्लास्टी, तीन मजले, लिफ्ट नाही, आणि नऊ किलोचं पोर, मलाच आता ते बघवत नाही. तुम्ही राहायला यायचं, राबायला नाही. बाबांची खुर्ची खिडकीपाशीच आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, देवघराला कोणी हात लावलेला नाही. संध्याकाळी तो तुमच्याच मांडीवर असणार. मला गोवर आला तेव्हा तू रात्रभर उशाशी बसली होतीस, ते अजून आठवतं गं.

आणि नीट ऐका, शंभरातल्या साधारण दहा मुलांना हे परत होतं. तसं रडला तर एरंडेल नाही, गुटी नाही, दूधही नाही, रात्री दोन वाजले तरी मला उठवायचं आणि सोनोग्राफी आणि लहान मुलांचे सर्जन असतील तिथेच न्यायचं. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. आई, जेवण टाकून बसू नकोस.

शनिवारी गाडी घेऊन येतो, डबा बांधायच्या भानगडीत पडू नका.