फिश टँक सांभाळणाऱ्यांचीही परीक्षा घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शोभिवंत माशांच्या व्यवसायाला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान मिळते हे आता आमच्या भागात बहुतेकांना ठाऊक झाले आहे. घरामागच्या छोट्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला जातो. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. मासे वाढवणाऱ्याचा विचार झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे मासे पुढे ज्या काचेच्या टाकीत जातात, ती टाकी सांभाळणाऱ्या माणसाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. दातांचा दवाखाना, पतसंस्था, मोबाईलचे दुकान, इंग्रजी शाळेचे ऑफिस, सगळीकडे आता फिश टँक आहे आणि पंधरवड्याला किंवा महिन्याला येऊन ती साफ करणारा कोणीतरी आहे. मी साकोली तालुक्यात हेच काम करतो, आणि आमची परीक्षा घेतली जावी अशी माझी मागणी आहे.

आज या कामाला कसलीही अट नाही. पाटीवर कोणी ‘फिश एक्स्पर्ट’ लिहितो, कोणी ‘अ‍ॅक्वेरियम स्पेशालिस्ट’. नावामागे ‘फिश डॉक्टर’ लावणारेही मी पाहिले आहेत. यातले काही जण खरोखर जाणकार आहेत, काहींनी मागच्या दिवाळीत दुकान टाकले आहे. गिऱ्हाइकाला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नाही. त्याला काच चकचकीत दिसली की तो पैसे देतो.

आणि घोळ नेमका इथेच आहे. टाकी दिसायला स्वच्छ असणे वेगळे आणि पाणी माशाला राहण्याजोगे असणे वेगळे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, गोट्यांवर, वाळूत राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. न शिकलेला माणूस पहिल्याच दिवशी टाकीत वीस मासे सोडून देतो. महिन्याने येतो तो सगळे पाणी उपसतो, फिल्टर नळाखाली धरून खसाखसा धुतो आणि जिवाणू मारून टाकतो. दोन-तीन दिवसांनी मासे उलटे होऊ लागले की ‘मासेच कमजोर होते’ असे सांगून नवे मासे विकतो. मालकाला वाटते मासे असेच मरतात, त्यांचे आयुष्यच तेवढे. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षे आणि त्याहून जास्त जगतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

त्यात आपल्याकडचे पाणी आणि आपल्याकडचा उन्हाळा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावाच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि नळाच्या टोकाला क्लोरीन तपासण्याची ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का ते पाहतो. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हा माणसांसाठीचा निकष आहे आणि तो योग्यच आहे. पण तेवढे क्लोरीनही माशाच्या कल्ल्यांना घातक ठरू शकते. पावसाळ्यात साथीच्या भीतीने टीसीएलचे प्रमाण वाढवले जाते तेव्हा तर नळाचे पाणी सरळ टाकीत ओतणे म्हणजे मासे मारणेच. ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब किती लिटरला किती टाकायचे, हे ज्याला हिशेबाने सांगता येत नाही त्याच्या हातात टाकी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी साधारण ५६ लिटरची असते. गोटे, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. औषधाचा डोस ठरवताना हा फरक धरायचाच असतो, पण ‘दोन फुटी टाकी आहे ना, मग एक झाकण टाका’ एवढ्यावर आमचा धंदा चालतो.

बोअरचे पाणी वापरले तर क्लोरीनचा प्रश्न मिटतो, पण दुसरा उभा राहतो. बऱ्याच गावांत बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी असते. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचा आकडा, ७ आणि तापमान २५ अंश असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का, थोडा इकडेतिकडे, विषारी रूपात असतो. पीएच ८ आणि ३० अंशांवर तोच भाग सात टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला जी टाकी चालून जाते, ती तेवढ्याच घाणीत आमच्याकडे मासे मारते. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असताना बंद दुकानातले पाणी ३५ अंशांपर्यंत सहज चढते. २५ अंशांना लिटरभर पाण्यात आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना सातही नाही, आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. अशात भारनियमनात लाइन गेली आणि हवेचा पंप थांबला, तर दाट भरलेल्या टाकीला फार वेळ उरत नाही. इन्व्हर्टरवर आधी टीव्ही घ्यायचा की पंप, हे मालकाला कोण सांगणार? टाकी सांभाळणाराच ना?

औषधांचे तर न बोललेलेच बरे, पण बोलावे लागेल. माणसांच्या आणि कोंबड्यांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत सर्रास आहे. पांढरे ठिपके परजीवीमुळे आले, शेपटी जिवाणूंमुळे झडली की नुसते पाणी खराब आहे, हे न पाहता सगळ्यावर एकच पिवळी पावडर. नंतर ते पाणी नालीत, नालीतून बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४चा आहे. प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार त्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे. मग आमच्यापैकी कोणी ‘डॉक्टर’ कसे लावतो, आणि लावले तर हटकणार कोण? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मासा घेऊन कोणी जात नाही हे खरे आहे, म्हणूनच दुकानदाराने कुठपर्यंत जायचे आणि कुठे थांबायचे याची रेघ कागदावर हवी.

ही रेघ इतर ठिकाणी आखलेली आहे. जर्मनीत पाळीव प्राण्यांचा व्यापार करणाऱ्याला प्राणिसंरक्षण कायद्याच्या ११व्या कलमाखाली आपले ज्ञान अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावे लागते. अमेरिकेत मोठ्या मत्स्यालयांतल्या पंप-फिल्टरची यंत्रणा चालवणाऱ्यांची ‘आल्सो’ ही संघटना पायरीपायरीने परीक्षा घेते, पाण्याच्या गुणवत्तेची वेगळी आणि यंत्रणेची वेगळी. आपल्याकडे २०१७मध्ये केंद्राने मत्स्यालये आणि फिश टँकच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले होते. व्यापाऱ्यांचा मोठा विरोध झाला आणि ते टिकले नाहीत. २०१८च्या पेट शॉप नियमांत कुत्रा, मांजर, ससा, पक्षी यांची नावे आहेत, माशाचे नाही. नागपूरला तेलंगखेडीत मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथली पदवी चार वर्षांची आहे. ती घेतलेला मुलगा दवाखान्यातली टाकी पुसायला येणार नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही नाही. दुसऱ्या टोकाला तीन-चार दिवसांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आहेत. ती चौकटीत लावलेली असतात, पण त्यांवरून माणूस वर्गात बसला होता एवढेच कळते. मधली जागा पूर्ण रिकामी आहे.

कृषी केंद्रांच्या बाबतीत हेच घडले होते. औषध कोणते आणि किती मारायचे हे शेतकरी काउंटरवरच्या माणसाला विचारायचा, आणि त्या माणसाचे शिक्षण काय हे कोणी विचारत नव्हते. पुढे विक्रेत्यांसाठी शिक्षणाची अट आली आणि हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा ‘देसी’ हा वर्षभराचा डिप्लोमा जुन्या दुकानदारांनीही केला. आठवड्यातून एक दिवस वर्ग, बाकी दिवस दुकान. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा अशी अट का लागते हे सगळ्या विदर्भाने पाहिले. माशांच्या टाकीत माणसाचा जीव जात नाही हे मला कळते. पण वर्षभर धंदा न सोडता, आहे त्या माणसाला शिकवून त्याची परीक्षा घेता येते हे तर सिद्ध झाले आहे.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. प्रमाणपत्राची अट आली आणि तिच्यात बारावी विज्ञान, इंग्रजी पेपर, नागपूर-मुंबईचे केंद्र असले काही घुसले, तर सगळ्यात आधी आमचा ढिवर समाज बाहेर फेकला जाईल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीसाठी राखले. माझे काका शाळेत फार गेले नाहीत. ते तलावाच्या काठावर उभे राहून म्हणायचे, ‘मासा वर तोंड काढून रायला म्हणजे पाण्यात दम नाही उरला.’ मरळ आणि शिंगी वर येऊन हवा घेतात तो त्यांचा स्वभाव आहे, आणि कोतरी वर आली तर धोका आहे, हे त्यांना दुरून कळायचे. टाकीतला गुरामी वर येतो तेव्हा घाबरायचे नसते आणि गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करू लागला की पंप पाहायचा असतो, ते हेच ज्ञान आहे. कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती इथे लागू करावी. परीक्षा मराठीत असावी, तोंडी आणि प्रत्यक्ष टाकीसमोर असावी. पाणी तपासून दाखव, डोस काढून दाखव, आजारी मासा वेगळा काढून दाखव, लाइन गेली तर काय करशील ते सांग.

पदनामेही तशीच साधी असावीत. पहिल्या पायरीवर टाकी-सहायक, म्हणजे पाणी बदलणे, खाद्य, साफसफाई. दुसऱ्या पायरीवर टाकी-तंत्रज्ञ, ज्याला नवी टाकी बसवता आणि पाण्याची तपासणी करता येते. त्याच्या वर मत्स्यालय-व्यवस्थापक, त्याला मात्र पदवी किंवा दीर्घ अनुभव हवा. पाटीवर पायरी लिहिलेली असावी आणि दर काही वर्षांनी नूतनीकरण असावे. ‘डॉक्टर’ हा शब्द नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणी लावू नये.

अभ्यासक्रमात एक गोष्ट सक्तीची हवी. टाकी नकोशी झाली की लोक मासे तलावात नेऊन सोडतात आणि त्यांना ते पुण्य वाटते. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकरमाउथ कॅटफिश असाच सुटून आंध्र, केरळ, बिहारच्या पाण्यांत पसरला आहे. तिथे तो जाळी फाडतो आणि खायलाही कोणी घेत नाही. टाकीत चार इंचांचा असतो, मोकळ्या पाण्यात दीड फुटापर्यंत जातो. तो आमच्या बोड्यांत शिरला तर शोभेच्या धंद्यातून चार जणांनी कमावलेले पैसे शेकडो ढिवर कुटुंबांच्या जाळ्यातून वसूल होतील. नको असलेला मासा परत घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे बंधनकारक काम ठरवावे आणि नाकारले तर प्रमाणपत्र जावे.

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे आणि मत्स्यव्यवसाय विभागाची कार्यालये जिल्ह्यात आहेत. दोघांनी मिळून पहिली परीक्षा भंडारा किंवा गोंदियात घ्यावी, तीही मे महिन्यात, इथल्याच नळाच्या आणि बोअरच्या पाण्यावर. फी टाकी धुणाऱ्या पोराला परवडेल एवढी ठेवावी. माझ्यासारखे बरेच जण बसायला तयार आहेत. आपण हे पत्र छापून संबंधितांपर्यंत पोचवावे, ही विनंती.

आपला,
एक फिश टँक देखभाल व्यावसायिक,
ता. साकोली, जि. भंडारा