खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात रोग बाहेरूनच येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयाविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. खाऱ्या पाण्याच्या टाकीची मांडणी, प्रकाशयोजना आणि माशांची निवड यांची माहिती त्यात चांगली दिली आहे. मात्र नवा मासा घरी आणल्यावर पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी आणि मग त्याला टाकीत सोडावे, एवढ्या एका वाक्यात लेखाने तो विषय आटोपता घेतला आहे. परजीवींची साथ बहुतेक वेळा नेमकी याच क्षणी टाकीत शिरते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘माशाला ताण आला की पांढरे ठिपके येतात’ असे अनेकजण मानतात. ताणामुळे माशाची प्रतिकारशक्ती कमी होते हे खरे, परंतु ताणातून परजीवी जन्माला येत नाही. तो एखाद्या माशाच्या कल्ल्यांतून, प्रवाळाच्या बुडख्यावरून, गोगलगायीच्या कवचावरून, पिशवीतल्या पाण्यातून किंवा ओल्या जाळीतून आत आणला जातो. ज्या टाकीत तो कधी शिरलाच नाही, त्या टाकीतील मासे कितीही ताणाखाली असले तरी त्यांच्या अंगावर तो उगवणार नाही. हे एकदा पटले की प्रतिबंध म्हणजे काय करायचे, हा प्रश्न बराच सोपा होतो.

माझा अनुभव मी स्वतःचीच चूक म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक टँग जातीचा मासा आणला आणि त्याच दिवशी मुख्य टाकीत सोडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसू लागले. पाचव्या दिवशी ते नाहीसे झाले, तेव्हा मासा बरा झाला असे समजून मी निर्धास्त झालो. पुढच्या दोन आठवड्यांत टाकीतील सर्व मासे त्या ठिपक्यांनी भरून गेले आणि त्यांतला एकच वाचला.

ठिपके नाहीसे होणे म्हणजे रोग जाणे नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ‘मरीन इक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचा परजीवी म्हणजे ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हा अंगावर सूक्ष्म केस असलेला एकपेशीय जीव. तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली तीन ते सात दिवस पोसला जातो. पोट भरले की तो आपणहून माशाला सोडतो, तेही बहुधा अंधारात, मासे तळाशी विसावलेले असताना. मग वाळूवर, खडकावर किंवा काचेवर चिकटून तो स्वतःभोवती कवच तयार करतो आणि त्या कवचात त्याचे विभाजन होऊन शेकडो पिले तयार होतात. ही कवचे काही तीन दिवसांनी फुटतात, काही तीन-चार आठवडे घेतात, आणि 72 दिवसांनी फुटलेल्या कवचाचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिलाला साधारण एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरते. म्हणजे ज्या दिवशी आपण ‘मासा स्वच्छ झाला’ म्हणून आनंदतो, त्याच दिवशी टाकीचा तळ रोगाने भरलेला असतो.

या चक्रात परजीवी दोन ठिकाणी सुरक्षित असतो. माशाच्या त्वचेखाली असताना पाण्यात टाकलेली बरीच औषधे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि कवचात असताना तर मुळीच नाहीत. तो उघड्यावर येतो तो केवळ पोहत असताना. प्रवाळांना अपाय न करणारी म्हणून विकली जाणारी औषधे, खाद्याला लावलेला लसूण, सफाई करणारी कोळंबी, यांपैकी कशावरही मी आता भिस्त ठेवत नाही. अतिनील दिव्याचा उपयोग आहे, पण त्यातून जेवढे पाणी जाते तेवढ्यातीलच पिले मरतात. त्यामुळे संख्या कमी होते, टाकी रोगमुक्त होत नाही.

‘व्हेल्वेट’ हा रोग याहून घातक आहे, कारण तो वेळच देत नाही. ‘अमायलोओडिनियम ऑसेलॅटम’ हा त्याचा परजीवी प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो आणि अंगावर बारीक धुळीसारखा थर दिसेपर्यंत मासा बहुतेक हातचा गेलेला असतो. त्याचे एक कवच 256 पर्यंत पिले सोडू शकते. मासा भराभर श्वास घेऊ लागला, पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहिला, प्रकाश टाळू लागला किंवा त्याने खाणे सोडले, तर ठिपके शोधत बसू नये. क्लाउनफिशच्या अंगावर चिकट पांढरट पापुद्रे सुटू लागले तर बहुधा ‘ब्रूक्लिनेला’ या आणखी एका परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर तांब्याचे औषध चालत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.

या सर्वांवरचा खरा उपाय एकच, तो म्हणजे विलगीकरणाची वेगळी टाकी. ती सुंदर असण्याची गरज नाही. उघडा तळ, लपण्यासाठी प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे, हीटर, हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर एवढे पुरते. तिच्यात वाळू आणि खडक मुद्दाम ठेवायचे नाहीत, कारण ते परजीवीला चिकटायला जागा देतात आणि औषधातील तांबेही शोषून घेतात. स्पंज मासा आणण्यापूर्वी काही आठवडे निरोगी टाकीत भिजत ठेवावा, म्हणजे त्यात उपयुक्त जीवाणू वाढतात. माझ्या पाहण्यात विलगीकरणातले मासे रोगापेक्षा अमोनियाने अधिक मेले आहेत, म्हणून अमोनियाची चाचणी रोज करावी आणि पाणी बदलण्यात कंटाळा करू नये. ही टाकी मुख्य टाकीपासून शक्य तितकी दूर असावी, कारण हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबरही व्हेल्वेटची पिले पसरू शकतात. तिची जाळी, बादली आणि नळी वेगळी असावी, आणि तिच्यात हात घातल्यावर तो धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा करूनच मुख्य टाकीकडे वळावे.

नवा मासा तेथे किमान 30 दिवस राहिला पाहिजे. तांब्याचा उपचार करायचा असल्यास आयनिक (पाण्यात मोकळ्या स्वरूपातील) तांब्याची मात्रा साधारण 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवतात. दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या (चिलेटेड) तांब्याची मात्रा मात्र याहून बरीच जास्त असते, म्हणून बाटलीवरील सूचना आणि त्याच प्रकाराला जुळणारे चाचणी-संच यांशिवाय हा उपचार सुरूच करू नये. मात्रा एक दिवस जरी खाली घसरली तरी पोहणारी पिले वाचतात आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मुख्य टाकीत तांबे कधीही टाकू नये, कारण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ त्याने मरतात.

ज्यांना औषध नको असेल त्यांच्यासाठी मरीन इकपुरता एक मार्ग आहे, आणि तो मला विशेष आवडतो, कारण त्यात परजीवीच्याच वेळापत्रकाचा उपयोग केलेला आहे. माशाला सोडून तळाशी बसलेले कवच तीन दिवसांच्या आत फुटत नाही. तेव्हा 72 तास पूर्ण होण्याआधी मासा पूर्णपणे निर्जंतुक आणि कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत, ताज्या खाऱ्या पाण्यात हलवायचा. असे चार वेळा केले की 12 दिवसांत मासा परजीवीला मागे टाकून पुढे आलेला असतो. व्हेल्वेटवर मात्र या पद्धतीने विसंबता येत नाही, आणि पाण्याचा खारेपणा कमी करून त्याचे विशिष्ट गुरुत्व 1.009 पर्यंत उतरवण्याची पद्धतही त्याच्यावर चालत नाही.

प्रवाळ, गोगलगायी आणि खडक यांना हे परजीवी जडत नाहीत, पण त्यांच्यावर कवचे चिकटून येऊ शकतात. म्हणून त्यांनाही मासे नसलेल्या टाकीत कित्येक आठवडे ठेवणे आवश्यक आहे. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. मुख्य टाकीत एकदा रोग शिरला असेल तर सर्व मासे, सुदृढ दिसणारेसुद्धा, बाहेर काढून उपचाराच्या टाकीत ठेवावे लागतात आणि मुख्य टाकी माशांविना रिकामी ठेवावी लागते. 72 दिवसांची ती नोंद लक्षात घेऊन अनेक मत्स्यपालक 76 दिवस मोजतात. मीही तेवढेच मोजले. रिकाम्या टाकीकडे अडीच महिने पाहणे कठीण जाते, आणि पन्नासाव्या दिवशी ‘आता एक लहानसा मासा सोडून पाहू’ असा मोह होतो. त्या दिवशी मी तो टाळला. त्यानंतर त्या टाकीत ठिपका दिसलेला नाही.

नवे पालक आपल्या पुरवणीतील लेख वाचून मासे आणायला निघतील, तेव्हा त्यांच्या यादीत मुख्य टाकीच्या बरोबरीने ही दुसरी, साधी टाकीही असावी, असे मला कळकळीने वाटते. लेखमालेच्या पुढील भागात विलगीकरणाविषयी स्वतंत्र मजकूर द्यावा, आणि मासा थेट मुख्य टाकीत सोडण्याचा सल्ला मागे घ्यावा, ही विनंती.

आपला,
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा एक पालक