कानांवरचे हात

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू मध्येच म्हणालास, "थांब आई, जाऊ दे ते." मग तुझा आवाज गेलाच. आधी शिट्टीसारखं काहीतरी बारीक, मग कापड टराटरा फाडावं तसा गडगडाट, आणि त्याच्या मागोमाग छकुलीचा हंबरडा. वीसेक सेकंदांत सगळं थांबलं. जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच तू पुढे बोलायला लागलास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "लढाऊ विमानं गं. तळ जवळ आहे, सरावाला निघाली की घरावरूनच जातात. होईल तिला सवय."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. "होईल सवय" हे माझं वाक्य आहे. तू चार वर्षांचा असताना मी ते तुला ऐकवलं होतं.

तुला आठवत नसेल. तेव्हाच्या आपल्या घरावरून विमानं फार खालून जायची. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, मांडणीतली ताटं एकमेकांवर किणकिणायची. तू असशील तिथून धावत येऊन टेबलाखाली शिरायचास. दोन्ही तळव्यांनी कान असे गच्च दाबायचास की बोटांची पेरं पांढरी पडायची. डोळेही मिटलेले. मला धास्ती वाटायची, पोरगं भित्रं निघतंय की काय. एका दुपारी मी तुला टेबलाखालून ओढून काढलं, गच्चीत नेऊन उभं केलं, आणि विमान आलं तेव्हा तुझे हात धरून कानांवरून खाली ओढले. "बघ, होतंय का काही? विमानच आहे ना!" तू रडला नाहीस. विमानाकडे पाहिलंही नाहीस, माझ्याकडे पाहत राहिलास. त्या दिवसानंतर तू टेबलाखाली गेला नाहीस आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले की मुलाची भीती मोडली.

बाळा, त्या दिवशी तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. हे तुला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण छकुलीही आता त्याच वयाकडे चालली आहे.

नंतरच्या काळात मी या आवाजाबद्दल मिळेल ते वाचत गेले. पहिली गोष्ट कळली ती ही, की खालून येणाऱ्या जेटची चाहूल जवळजवळ लागतच नाही. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान सेकंदाला २५० मीटरने येत असेल, तर ते आपल्याच आवाजाच्या पाठोपाठ धावत असतं. तीन किलोमीटरवर असताना त्याने केलेला आवाज तुझ्या खिडकीशी पोचायला ९ सेकंद लागतात, आणि विमान स्वतः १२ सेकंदांत डोक्यावर असतं. म्हणजे मधे उरले ३ सेकंद. त्यातही पहिला आवाज इतका पुसट असतो की घरातल्या गडबडीत तो कळतही नाही. आगगाडी लांबून ऐकू येते, ढग गडगडण्याआधी आभाळ भरून आलेलं दिसतं. इथे तसं काही नाही. म्हणून मूल दचकतं. दचकणं माणसाच्या जन्माबरोबरच येतं, त्याचा भित्रेपणाशी काही संबंध नाही. अमेरिकेत लष्करी सरावाच्या मार्गांखाली आवाज मोजतात तेव्हा या अचानकपणासाठी मोजलेल्या आकड्यात ११ डेसिबलपर्यंत भर घालतात. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोजणाऱ्यांनीसुद्धा मान्य केलं आहे की एकाएकी अंगावर येणारा आवाज जास्त त्रासाचा असतो. तुझ्या टेबलाखालच्या तक्रारीला एवढा आधार होता, आणि मी आई असून ती ऐकली नाही.

दुसरं, प्रवासी विमानाची सवय झालेल्या माणसाने "विमानाचा आवाज तो विमानाचा आवाज" म्हणू नये. प्रवासी विमानाच्या इंजिनाला पुढे भलामोठा पंखा असतो. तो पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतो, म्हणून आवाज मवाळ राहतो. लढाऊ विमानाला वेग हवा, इंजिन बारीक हवं. त्यातून थोडी हवा फार जोराने आणि फार तापून बाहेर पडते. ती बाहेरच्या स्तब्ध हवेवर आदळून घुसळते, आणि आपल्याला ऐकू येते ती फाडाफाड. आफ्टरबर्नर लावला की त्या तापलेल्या झोतात आणखी इंधन फवारून पेटवतात, मग तर विचारू नकोस. प्रवासी विमानांना आवाजाच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांनी घालून दिल्या आहेत. ते नियम नागरी विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराखालचे; त्या करारातून लष्करी विमानं पहिल्यापासून वगळलेली आहेत, त्यामुळे ते नियम त्यांना लागतच नाहीत. हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. अजून येतो.

हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी. त्याची धडधड पात्यांची. एका पात्याने मागे सोडलेला हवेचा भोवरा दुसरं पातं कापतं, उतरताना जास्तच. तो खर्जातला आवाज भिंतीतून आरपार येतो. खिडक्यांना दुहेरी काचा लावल्यास तर शिट्टी आणि फाडाफाड कमी होईल, ही धडधड फारशी नाही. खर्च करण्याआधी हे लक्षात असू दे.

आता सवयीबद्दल. झोपेतून जाग येणं लोक थांबवू शकतात, हे खरं आहे. पण मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्यांचा रक्तदाब रात्रभर मोजला, तेव्हा वरून विमान गेलं की झोप न मोडताही तो चढतो असं दिसलं. माणूस सकाळी म्हणतो मला काही ऐकू आलं नाही, आणि त्याचं शरीर मात्र रात्रभर दचकत असतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी या शहरावरून सहा महिने मुद्दाम आवाजापेक्षा जास्त वेगाने विमानं उडवली, लोकांना त्या स्फोटासारख्या दणक्यांची सवय होते का ते बघायला. एकूण १,२५३ दणके झाले. शेवटी विचारलं तेव्हा चारातल्या एकाने सांगितलं, आम्हाला याच्यासोबत राहणं जमणार नाही. या एकाबद्दल मला नेहमी वाटतं, की उरलेल्या तिघांनी त्याला काय म्हटलं असेल. कदाचित मी तुला म्हटलं तेच.

आणि विमान पडेल का, असं छकुली थोडी मोठी झाली की विचारेल. तेव्हा "वेडी आहेस का" म्हणू नकोस. ३० जून १९५९ ला जपानजवळच्या ओकिनावा बेटावर, जिथे अमेरिकेचे लष्करी तळ आहेत, अमेरिकी लढाऊ विमान मियामोरी प्राथमिक शाळेवर कोसळलं. वैमानिक पॅराशूटने उतरून वाचला, खाली ११ मुलं आणि सहा रहिवासी गेले. असं फार क्वचित होतं, आणि क्वचित होतं एवढंच तिला सांग. होतच नाही असं सांगू नकोस. मुलांना खोटा दिलासा लगेच ओळखू येतो.

वैमानिकांवर माझा राग नाही. रात्री उडावं लागणार असेल तर सरावही रात्रीच करायला हवा, खालून जायचं असेल तर खालूनच शिकायला हवं, हे मला समजतं. तो आतला मुलगाही कुणाचा तरी बाळ आहे. पण तळाला पत्र लिहिलं की आपण देशाविरुद्ध बोललो, असं शेजारी सुचवतील, तिथे मान खाली घालू नकोस. ओकिनावात लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी लावून धरल्या, तेव्हा १९९६ मध्ये जपान आणि अमेरिका यांच्यात ठरलं की कादेना आणि फुतेन्मा या तळांवर रात्री १० ते सकाळी ६ उड्डाणं आवश्यक असतील तेवढीच करायची. "आवश्यक" या शब्दातून पुष्कळ विमानं निसटतात, ते तिथले लोक आजही सांगतात. कोर्टांनी भरपाई दिली, अमेरिकी विमानांची उड्डाणं थांबवली नाहीत. तरी कागदावर वेळ लिहून घेतली गेली, आणि ती रहिवाशांच्या रेट्यामुळे. तू एवढं कर: एक वही ठेव. तारीख, वेळ, किती विमानं, जेट की हेलिकॉप्टर, छकुली झोपली होती की जागी. आवाज मोजून काढलेल्या महिनाभराच्या सरासरीत वीस सेकंदांचा गडगडाट कुठल्या कुठे विरून जातो. वहीत तो राहतो. मग शेजारच्या दोन-चार घरांना घेऊन तळावर लेखी विचार, सरावाचे दिवस आधी कळवाल का, दुपारी मुलं झोपतात ती वेळ टाळता येईल का. एकट्याने भांडायला जाऊ नकोस, तुझा आवाज चढतो.

घरात तिचं अंथरूण धावपट्टीपासून लांबच्या खोलीत हलव. कानावर बसवायचे लहान मुलांचे आवाजरोधक मिळतात, ते घे. कानात घालायचे बोळे मात्र इतक्या लहान मुलीला नकोत, ती तोंडात घालेल.

आणि उंचावरून जाणारं विमान असेल तर तिला कडेवर घेऊन बाहेर ये. तेव्हा ती कान झाकेल, झाकू दे. आवाज जिथून येतोय तिथे विमान सापडत नाही, हे तिला दाखव. तीन किलोमीटर उंचीवरचा आवाज खाली यायला ९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या पुढे बघायचं. एकदा तिच्या बोटाला ते ठिपक्याएवढं विमान सापडलं की पुढच्या वेळी ती स्वतःच शोधेल. हे मला तुझ्याबरोबर करता आलं असतं. तेवढ्यासाठीच मी तुला गच्चीत न्यायला हवं होतं.

मी पुढच्या महिन्यात येतेच आहे. तोवर फोनवर बोलताना विमान आलं तर "थांब आई" म्हणायलाही थांबू नकोस. फोन तसाच ठेवून दे आणि आधी तिच्याकडे जा. तिचे हात कानांवर असतील, त्यांच्यावर तुझे ठेव. मी फोन धरून थांबेन.

तुझी,
आई