चढावर हलका गिअर टाकायला लाज कसली?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत सायकलवर लेख येतात, आवडीने वाचतो, पण चढाचा विषय निघाला की प्रत्येक वेळी तेच दोन सल्ले, पायात ताकद आणा आणि हलकी सायकल घ्या. हे वाचून नवीन माणूस एकतर जिममध्ये जातो नाहीतर कर्ज काढून कार्बनची सायकल घेतो आणि तरी पहिल्याच मोठ्या चढावर उतरून ढकलत जातो. मग म्हणतो आपल्याला नाही जमणार बुवा. याचंच मला फार वाईट वाटतं, कारण चढ बहुतेकांना जमू शकतो.

आधी वजनाचं बघू. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या सगळं धरून ८५ किलो समजा. सायकल १ किलोने हलकी केली तर तासाभराच्या चढात फायदा होतो ४० सेकंदांच्या आसपास. शर्यतीत ते लाखमोलाचे असतील, आपल्याला वर पोचायचं आहे!

खरा खेळ आहे गिअरचा. पुढची चकती लहान आणि मागची मोठी, तेवढा गिअर हलका. पुढे पायडलपाशी ३९ दात्यांची चकती आणि मागच्या चाकावर सगळ्यात मोठी २५ ची असेल, तर ताशी ९ किमीच्या जरा खालच्या स्पीडला पाय मिनिटाला जेमतेम ४५ वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक पायडल अक्षरशः दाबून दाबून मारावं लागतं, मांड्या पेटतात, गुडघे बोलायला लागतात. तोच चढ, तोच स्पीड, फक्त पुढे ३४ मागे ३४ असं केलं की पाय ७० वेळा फिरतात. मेहनत तेवढीच पण ती छोट्या छोट्या हप्त्यांत जाते, स्नायूंवरचा ताण कमी होऊन काम श्वासावर येतं, आणि दम मिनिटाभरात परत येतो, भरून आलेल्या मांड्या लवकर येत नाहीत.

पण हलका गिअर टाकायची लोकांना लाज वाटते हो. ही लाज जुनीच आहे म्हणा. टूर द फ्रान्स ही फ्रान्सची मोठी सायकल शर्यत १९१० मध्ये तुर्मालेसारख्या २,११५ मीटर उंचीच्या खिंडीतून गेली, पण सायकल चालवता चालवता गिअर बदलायची सोय तिथे १९३७ पर्यंत चालत नव्हती, आयोजक आंरी देग्रांज यांचा ठाम विरोध होता, त्यामुळे त्या काळचे एवढे दांडगे रायडर चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूची मोठी चकती वापरायला. तेव्हाचे चॅम्पियन त्यासाठी सायकलवरून उतरत होते, आपल्याला नुसतं बोट हलवायचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवात. चढाची पहिली पाच मिनिटं सगळ्यांना सोपी वाटतात आणि तिथेच वाट लागते. ८ टक्क्यांच्या चढावर याच ८५ किलोला ताशी ८ ने वर न्यायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १५० वॅट लागतात आणि १२ ने न्यायला २२० च्या वर. स्पीड दीडपट तर जोरही दीडपट, आणि एवढ्या कमी स्पीडला पुढच्याच्या मागे लपून वाऱ्याची मदतही फारशी मिळत नाही. म्हणून कुणी पुढे गेला तर जाऊ द्या. अर्ध्या चढापर्यंत तोंडातून एखादं पूर्ण वाक्य निघालं पाहिजे, नाही निघालं तर आणखी हळू, आणि जोर उरलाच तर तो शेवटच्या टप्प्यात काढा.

गिअर टाकायची वेळही महत्वाची आहे. चढ अंगावर आल्यावर, पूर्ण जोर लावलेला असताना लिव्हर दाबलं की चेन करकरते, कधी उतरतेच, आणि सायकल जागच्या जागी थांबते. चढ लागायच्या थोडं आधी, अर्धा फेरा पाय सैल सोडून गिअर टाका, आवाजसुद्धा येत नाही. उभं राहून मारायचं असेल तर उठायच्या आधी एक गिअर जड करा. पण उभं राहणं थोड्या वेळासाठीच ठेवा, त्यात शरीराचं वजन पायांवर येऊन हार्ट रेट वर जातो, तीव्र वळणापुरतं किंवा पाठ मोकळी करायला ठीक आहे. बाकी बसूनच. हँडल वरून धरा, कोपरं सैल. आणि खांदे बघा हो, दम लागला की नकळत कानापर्यंत चढतात, मुठी आवळल्या जातात, ती ताकद पायडलला जातच नाही.

सरावाचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा चार-पाच मिनिटांचा चढ घ्या, तो जोरात चढा, निवांत खाली या, असं चार-पाच वेळा. बाकीचे दिवस सपाटीवर आरामात लांब चालवा. पाय रोज जाळून काही होत नाही.

तेव्हा एकच विनंती, पुढच्या वेळी पुरवणीत सायकलींचा तक्ता छापाल तेव्हा वजनाच्या शेजारी अजून एक रकाना द्या, पुढच्या सगळ्यात लहान आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किती दाते आहेत त्याचा. सायकल घेणाऱ्याला तो आकडा कुणी सांगतच नाही.

आपला,
एक सायकल चालवणारा वाचक