त्या चार खापरांबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या एका खेड्यात सॅक्सन राजवटीच्या अखेरच्या काळातल्या वस्तीच्या खुणा सापडल्याची चार ओळींची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. 'खापरांचे तुकडे आणि काही खड्डे वगळता विशेष काही हाती लागले नाही,' असा तिचा शेवट होता. या 'विशेष काही'बद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

हा काळ साधारण ८५० ते १०६६ चा. खेड्यातली घरं लाकडाची, भिंती कुडाच्या. घर पडलं की मातीत जिरून जायचं. उरायचे ते खांबांचे खड्डे, आत भोवतालापेक्षा काळपट माती. आपण जुनं गावठाण पांढरीवरून ओळखतो. तिथे जमीन खडूसारखी पांढरी असेल, तर ते काळ्या ठिपक्यांवरून ओळखायचं. ठिपके ओळीत आले की भिंत सापडली. म्हणजे बातमीतले 'काही खड्डे' हेच कदाचित घर!

खापरांचंही तसंच. पूर्व इंग्लंडात खापरांच्या घडणी गावांच्या नावांनी ओळखतात. तिथे सेंट निओट्स घडणीचं खापर मिळतं. मातीत शिंपल्यांचा चुरा मळलेला, हाताला साबणासारखं लागतं. थेटफर्डचं करडं, चाकावरचं. स्टॅमफर्डचं फिकट, कधी झिलई दिलेलं. या साऱ्यांच्या आधीचं इप्सविचचं. एखाद्या परसात इप्सविचचं एकही नाही आणि सेंट निओट्सची मात्र ओंजळभर निघाली, तर लोक तिथे नवव्या शतकाच्या मध्यानंतर राहायला आले असावेत, असं म्हणता येतं. एखादंच झिजकं खापर असेल तर सावध राहायचं. उकिरड्यातल्या खताबरोबर ते शेतात गेलेलं असू शकतं.

आणि मोठं उत्खनन करणार कुठे? गाव अजून नांदतं आहे. १०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत गावाचं नाव, नांगर, गिरणी सापडते. घरं नेमकी कुठे होती ते नाही. म्हणून पुरातत्त्वज्ञ कॅरेन्झा लुईस यांनी २००५ पासून शाळकरी मुलांना हाताशी धरून लोकांच्या परसात मीटरभर लांबरुंद खड्डे घेतले. दहा-दहा सेंटिमीटर खणायचं, माती चाळायची. सॉमरसेट परगण्यातल्या शॅपविक या गावात मिक अ‍ॅस्टन आणि ख्रिस जेरार्ड या पुरातत्त्वज्ञांनी १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं घालवली. शेतांची जुनी नावंसुद्धा त्यांनी तपासली. विखुरलेल्या वाड्या बहुधा दहाव्या शतकात एकत्र येऊन आजचं गाव बसलं, हा त्यांचा निष्कर्ष असल्या खापरांवरही उभा आहे.

पुढच्या वेळी किती खड्डे घेतले, त्यांतल्या कितींत खापर निघालं आणि ते कोणत्या घडणीचं, एवढं तरी छापावं. जागा कमी पडत असेल तर शेजारचा राजघराण्यातल्या लग्नाचा फोटो थोडा लहान करता येईल.

आपला नियमित वाचक,
सातारा