कागदी कमळ संचाबाबत तक्रार: दोष हाताचा नाही, कागदाचा आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘कागदी कमळ संच, 10 फुले’ या मालातील दोष आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

महालक्ष्म्यांच्या आरासीसाठी आपल्या संकेतस्थळावरून वरील संचाचे 12 डबे मागवले. एका डब्याला 249 रुपये, म्हणजे मालाचे 2,988 रुपये आणि कुरिअरचे वेगळे 120. या संचातून फुले नीट होत नाहीत, या आमच्या पहिल्या तक्रारीवर आपल्याकडून एका ओळीचे उत्तर आले: ‘घड्या नीट दाबल्या गेल्या नसाव्यात, पुन्हा प्रयत्न करावा.’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. यात हाताचा दोष नाही. कागद चुकीचा आहे, कापणी चुकीची आहे आणि सोबतचे घडीपत्रकही चुकीचे आहे. पट्टी आणि वजनकाटा घेऊन बसले तर कुणालाही हे तपासता येते, म्हणून सगळे मापासकट लिहीत आहोत.

हे कमळ दोऱ्याने बांधायचे आहे. एका फुलाला 15 बाय 7.5 सेंटीमीटरचे 12 तुकडे लागतात, 8 गुलाबी आणि 4 हिरवे. तुकडा लांबीत मधोमध दुमडून उघडायचा, चारही कोपरे मधल्या रेघेला आणून टेकवायचे, मग दोन्ही लांब कडा त्याच रेघेला आणायच्या. होडीसारखा आकार झाला की पाकळीचा तुकडा मधल्या रेघेवर मागच्या बाजूने दुमडायचा. आता रुंदी पावणेदोन-दोन सेंटीमीटर उरते. खाली हिरवा आणि त्यात एकावर एक दोन गुलाबी बसवले की एक जुडी होते. अशा चार जुड्या शेजारी शेजारी धरून बरोबर मध्यावर दोरा आवळायचा आणि पंख्यासारख्या गोल पसरवायच्या. आठ दिशांना आठ टोके येतात. मग आतल्या गुलाबी पाकळ्या उचलायच्या, त्यानंतर मधल्या, आणि हिरवी पाने तशीच खाली पसरलेली ठेवायची. एकूण 24 टोके: 8 आतली, 8 मधली, 8 पाने.

खरा प्रश्न दोऱ्याखालच्या जागेचा आहे. कोपऱ्यांच्या घड्या दोन्ही टोकांकडून पावणेचार सेंटीमीटरपर्यंतच येतात, मध्यापर्यंत पोहोचत नाहीत. तरीही मध्यावर एका तुकड्याचे 4 थर होतात. 12 तुकड्यांचे 48 थर. साध्या 80 जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) कागदाचा एक थर साधारण 0.1 मिलिमीटरचा असतो, म्हणजे दोऱ्याखाली पाच मिलिमीटरच्या आतला गठ्ठा येतो. तो आवळला जातो आणि जुड्या सहज फिरतात. आपल्या डब्यावरही ‘80 जीएसएम’ असेच छापले आहे. आम्ही दोन डब्यांतले मिळून 100 गुलाबी तुकडे एकावर एक ठेवले आणि वर जाड पुस्तक दाबून उंची मोजली, ती 16 मिलिमीटर भरली. म्हणजे एक कागद 0.16 मिलिमीटरचा. तेच 100 तुकडे काट्यावर ठेवले तर 135 ग्रॅम. 15 बाय 7.5 च्या 100 तुकड्यांचे क्षेत्रफळ 1.125 चौरस मीटर होते, तेव्हा 80 जीएसएमच्या हिशेबाने वजन 90 ग्रॅम भरायला हवे होते. 135 ग्रॅम म्हणजे कागद 120 जीएसएमचा आहे. तो शुभेच्छापत्राला चालेल, या फुलाला चालत नाही. दोऱ्याखाली साडेसात मिलिमीटरहून जाड गठ्ठा होतो. कितीही आवळला तरी मधल्या जुड्या ताठ राहतात आणि कडेच्या दोन बाहेर सरकतात. पसरवताना आठ टोके सारख्या अंतरावर येतच नाहीत, एका बाजूला फट राहते. आपण ‘नीट दाबा’ म्हणता. 48 थरांची ही जाडी नखाने दाबून कमी होत नाही.

दुसरा दोष याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. चादरीला जसा उभा आणि आडवा धागा असतो, तशी कागदालाही तंतूंची एक दिशा असते. त्या दिशेने घडी स्वच्छ बसते, आडवी घातली की कागद तडकतो. या कमळातल्या तिन्ही मोठ्या घड्या लांबीच्या दिशेने आहेत, म्हणून तंतूही लांबीतच असायला हवेत. आपला गुलाबी तुकडा आडवा फाडून पाहा, सरळ रेघेत फाटतो. लांबीत फाडला तर फाट वाकडी होऊन कडेकडे निघते. म्हणजे तंतू आडवे आहेत. मोठ्या तावातून जास्त तुकडे निघावेत म्हणून तसे कापले असतील, पण त्याचा परिणाम प्रत्येक पाकळीवर दिसतो. मधल्या रेघेवर तर घडी दोनदा येते, आधी पुढे आणि शेवटी मागे. तिथे वरचा गुलाबी थर उलतो, आतला पांढरा कागद दिसतो आणि पाकळीच्या मधोमध टोकापर्यंत पांढरी रेघ उमटते.

पाकळी उचलताना ही तडकलेली रेघच फाटते. अंगठा पाकळीच्या बुडाशी ठेवून हळूहळू वर लोटायची, टोकाला धरून ओढायची नाही, हे आम्हाला चांगले माहीत आहे. तशीच उचलली तरी दोऱ्यापासून तीन-चार मिलिमीटरवर आधी एक बारीक चीर पडते. पाकळी वळून उभी राहायच्या आत चीर दोन्ही बाजूंना वाढते आणि पाकळी बुडातून लोंबते. पहिल्या दोन डब्यांतल्या 19 फुलांपैकी 13 फुलांत किमान एक पाकळी अशी गेली. पावसाळ्याच्या दमट हवेत कागद थोडा नरम असतो, तरी ही गत झाली. हाच संच कुणी एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडला तर काय होईल, याचा विचार व्हावा.

मापांचेही तसेच आहे. डब्यावर 15 बाय 7.5 लिहिले आहे. एकाच गठ्ठ्यातले तुकडे लांबीत 14.7 पासून 15.2 पर्यंत आणि रुंदीत 7.3 पासून 7.5 पर्यंत भरले. कोपरेही काटकोनात नाहीत. तुकडा लांबीत मधोमध दुमडून दोन लांब कडा जुळवल्या की आखूड कडाही जुळायला हव्यात, पण तिथे दोन मिलिमीटरची पायरी दिसते. गठ्ठ्यातला वरचा आणि खालचा कागद मापाने वेगळा असेल तर कापताना गठ्ठा सरकलेला असतो: एकतर गठ्ठा उंच घेतलेला असतो किंवा मशीनची दाबपट्टी सैल असते. कागद कापणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असते. फुलात मग असे होते की कोपरे मधल्या रेघेवर भेटत नाहीत आणि टोक बोथट किंवा तिरके निघते. लांबी कमीजास्त असल्यामुळे जुडीतली टोकेही एकमेकांत बसत नाहीत, गुलाबी पाकळीच्या वर हिरवे टोक डोकावते. पंधरा फुलांची माळ ओळीने लावली की हा फरक लांबूनही कळतो.

संख्येबद्दल थोडक्यात. 10 फुलांना 80 गुलाबी आणि 40 हिरवे तुकडे लागतात. 12 पैकी 7 डब्यांत हिरवे 36 च निघाले. म्हणजे त्या डब्यांतून प्रत्येकी 9 च फुले होतात.

दोरा नायलॉनचा दिला आहे. नायलॉनची गाठ गुळगुळीत असते आणि 48 थरांच्या ताणाखाली ती मागे सरकते. कागदावर त्याची पकडही बसत नाही, जुड्या फिरवताना दोरा मध्यावरून घसरतो. फुलवाले गजरा बांधतात तो साधा सुती दोरा दुपदरी घेतला तर दोन वेढ्यांत घट्ट बसतो. बाजारात काही रुपयांना मिळणारी ही वस्तू असताना संचात नायलॉन का द्यावा, हे कळत नाही.

आता घडीपत्रक. आकृती 5 मधला बाण तुकडा पुढे दुमडायला सांगतो आणि आकृती 6 मधला तयार तुकडा मागे दुमडलेला दाखवला आहे. आकृती 7 मध्ये हिरवा तुकडा दोन गुलाबी तुकड्यांच्या वर आहे. तसे बसवले तर हिरवी पाने फुलाच्या मध्यभागी येतात आणि कमळ आतून हिरवे होते. आकृती 9 मध्ये पाकळ्या ओळीने, एकीला लागून दुसरी अशा उचलायला सांगितल्या आहेत. तसे केले की पहिल्या तीन-चार पाकळ्या एका बाजूला गर्दी करतात आणि त्यांच्या ओढीने दोरा तिरका होतो. आधी एक सोडून एक अशा चार, मग उरलेल्या चार, असे केले की ताण सगळीकडून सारखा पडतो. ज्याने हे फूल एकदा तरी स्वतः केले आहे, त्याच्याकडून या चुका झाल्या नसत्या. पत्रक मराठीत नाही, ही उणीव मोठ्यांना खपेल, मुलांना खपणार नाही.

डब्यावरचा फोटो तर वेगळ्याच कमळाचा आहे. त्यात चौकोनी मध्य आहे आणि पाकळ्या चार-चारच्या फेऱ्यांत आहेत. ते एकाच चौकोनी कागदाचे फूल आहे. त्यात चारही कोपरे मध्याला आणण्याची घडी तीनदा घालतात, कागद उलटवून चौथ्यांदा घालतात आणि मग मागच्या पाकळ्या पुढे वळवतात. 15 सेंटीमीटरचा चौकोन प्रत्येक घडीला 10.6, 7.5, 5.3 असा लहान होत शेवटी 3.75 सेंटीमीटरचा होतो, 16 थरांचा. ते फूल सुंदर असते, पण संचातल्या आयताकृती तुकड्यांतून ते होऊच शकत नाही. फोटो पाहून मागवणाऱ्याला दुसरीच वस्तू मिळते.

‘हाताचा दोष’ या उत्तरासाठी आम्ही एक साधी तुलना करून पाहिली. नवी पेठेतून ए-4 आकाराचा 80 जीएसएमचा रंगीत झेरॉक्स कागद आणला, 4 गुलाबी आणि 2 हिरवे. लांबीचे दोन आणि रुंदीचे तीन भाग केले की एका कागदातून 14.85 बाय 7 सेंटीमीटरचे 6 तुकडे निघतात आणि काहीच वाया जात नाही. आणलेल्या कागदाचे तंतू लांबीतच होते, त्यामुळे घड्या आपोआप योग्य दिशेला आल्या. तीन फुले झाली. ज्या हातांनी आपला संच केला, त्याच हातांनी ती केली. दोरा सुती वापरला. 72 टोकांपैकी एकही फाटले नाही आणि पांढरी रेघ कुठेच नाही, कारण त्या कागदाचा रंग आरपार असतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा. 12 डब्यांचे 2,988 रुपये आणि कुरिअरचे 120, असे 3,108 रुपये परत करावेत. न वापरलेले 10 डबे आम्ही परत पाठवायला तयार आहोत, पण ते नेण्याचा खर्च कंपनीचा. कंपनीला पैशांऐवजी माल बदलून द्यायचा असेल तर खरोखर 80 जीएसएमचा, लांबीत तंतू असलेला, काटकोनात कापलेला कागद पूर्ण संख्येने आणि सुती दोऱ्यासह द्यावा. तोच कागद वेगळ्या वेष्टनात घालून आला तर स्वीकारणार नाही. घडीपत्रकातल्या आकृती 5, 7 आणि 9 दुरुस्त कराव्यात आणि पत्रक मराठीतही द्यावे. डब्यावर खरे माप, खरी संख्या आणि संचातल्याच फुलाचा फोटो छापावा. वेष्टित मालावर नगांची संख्या, आणि जिथे आकाराला महत्त्व आहे तिथे माप, खरे लिहिणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे.

खरेदी संकेतस्थळावरून झाली असल्याने 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. तिथे जायची आमची इच्छा नाही. चांगल्या कागदाचा असा संच बाजारात हवा आहे आणि तो आपण देऊ शकता, असे वाटते म्हणूनच इतके सविस्तर लिहिले.

सोबत जोडले आहे: बिलाची प्रत, वजनकाट्यावरील गठ्ठ्याचा फोटो, फाटलेल्या पाकळ्यांचे फोटो, गठ्ठ्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा तुकडा, आडवा फाडलेला एक आणि लांबीत फाडलेला एक तुकडा. साध्या ए-4 कागदाचे एक तयार फूल खोक्यात वेगळे ठेवले आहे. त्याचा दोरा सोडून थर मोजून पाहावेत.

आपल्या ग्राहक,
हस्तकला गटाच्या सदस्या
सोलापूर