सर्वोचा पॉवर सप्लाय: अँपिअरची बेरीज नको, व्होल्टचा हिशेब हवा

संपादक महोदय,

घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड-धातू कापणारे मशीन) बनवणाऱ्यांचा पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक प्रश्न ठरलेला असतो: "तीन सर्वो आहेत, प्रत्येकी १४ अँपिअरचे. म्हणजे ४२ अँपिअरचा सप्लाय लागेल ना?" (सर्वो म्हणजे मशीनचा एकेक अक्ष हलवणारी, वेग आणि जागा अचूक राखणारी मोटर.) नाही लागत. या बेरजेपायी अडीच किलोवॅटचा अवजड ट्रान्सफॉर्मर घरी येतो आणि ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देणारे नियंत्रक सर्किट, मात्र ज्या कारणाने जळायचा त्याच कारणाने जळतो. म्हणून हा पत्रप्रपंच. पुढचे सगळे ब्रशवाल्या डीसी सर्वोबद्दल आहे. ज्यांचे ड्राइव्ह थेट २३० व्होल्टवर चालतात, त्या एसी सर्वोंचा हिशेब वेगळा.

आधी व्होल्ट. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःही वीज तयार करते आणि सप्लायला विरोध करते. डेटाशीटमध्ये हा आकडा 'दर हजार आरपीएमला इतके व्होल्ट' असा दिलेला असतो. समजा तो १४ आहे, वाइंडिंगचा रेझिस्टन्स १ ओहम आहे आणि ३००० आरपीएम हवेत. विरोधी व्होल्टेज ४२. वेग पकडताना १४ अँपिअर लागणार, त्याचे वाइंडिंगमध्ये १४ व्होल्ट पडणार. एकूण ५६. सप्लाय याच्या खाली गेला की मोटर मागे पडते, ड्राइव्ह 'फॉलोइंग एरर' दाखवून थांबतो, आणि आपण एन्कोडरच्या (मोटर किती फिरली हे कळवणाऱ्या सेन्सरच्या) वायरी तपासत बसतो.

अँपिअरची बेरीज का चुकते? ड्राइव्ह व्होल्टेज कापून मोटरला देतो. मोटर जागच्या जागी १४ अँपिअर ओढते तेव्हा खर्च होतात १९६ वॅट, म्हणजे ६० व्होल्टच्या सप्लायमधून जेमतेम सव्वातीन अँपिअर. सप्लायवर खरा ताण येतो वेग पकडण्याच्या शेवटच्या क्षणी. तेव्हा एका अक्षाला १३ अँपिअर लागतात, पण सेकंदाच्या दहाव्या भागापुरतेच. हा धक्का कॅपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून सहज सोसतात. लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम कापणाऱ्या तीन अक्षांच्या मशीनला सरासरी ८ अँपिअर डीसी धरले तरी भरपूर झाले. मात्र पुढे कॅपॅसिटर असला की ट्रान्सफॉर्मरमधून डीसीच्या सुमारे १.६ पट आरएमएस (म्हणजे तापण्याच्या हिशेबातला) करंट वाहतो. म्हणजे १३ अँपिअर गुणिले ट्रान्सफॉर्मरचे ४५ व्होल्ट: ६०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) टोरॉइड, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, पुरे.

४५ व्होल्टच का? ४५ ला १.४१४ ने गुणा, ब्रिज रेक्टिफायरचे (एसीचे डीसी करणाऱ्या भागाचे) २ व्होल्ट वजा करा, ६१-६२ उरतात. घरची लाइन २१० वर आली की याचेच ५६ होतात, म्हणजे अगदी काठावर. अशा वेळी रॅपिडचा (न कापता नुसते सरकण्याचा) वेग थोडा उतरवावा. उलट रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले, लाइन २५० वर चढली आणि मशीन नुसते उभे असले, तर हाच सप्लाय ७२ दाखवतो. बिनलोडचा टोरॉइड पाच-सहा टक्के जास्तच देतो. नेहमीच्या ८० व्होल्टच्या ड्राइव्हला ७२ चालतात. प्रश्न ब्रेक लागल्यावर येतो.

२५ मिलिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा आट्यांचा दांडा) आणि मोटरचा रोटर ३००० आरपीएमने फिरत असताना त्यांच्यात सुमारे ३० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. (गंमत म्हणजे यात ३० किलोच्या टेबलाचा वाटा नगण्य आहे. ५ मिलिमीटर पिचच्या, म्हणजे एका फेऱ्यात टेबल तेवढेच सरकवणाऱ्या, स्क्रूला टेबल जाणवतही नाही, जड असतो तो स्क्रूच.) ०.१ सेकंदात थांबवले तर बराच भाग वाइंडिंगच्या उष्णतेत जातो आणि १३ ज्यूल सप्लायकडे परत येतात. रेक्टिफायर त्यांना लाइनमध्ये जाऊ देत नाही, मग ते कॅपॅसिटरमध्येच चढतात. २२,००० मायक्रोफॅरडवर ७२ चे ८० होतात. दोन अक्ष एकदम थांबले तर ८७. ब्रेक हळू लावावा, हा यावरचा सर्रास दिला जाणारा सल्ला उलटा आहे. ०.२ सेकंदात थांबवले तर करंट निम्मा होतो, उष्णता कमी होते आणि परत येणारी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत वाढते. घर्षण थोडी खाते, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

उपाय स्वस्त आहे. ७६ व्होल्टला चालू होणारे ब्रेकिंग सर्किट आणि अ‍ॅल्युमिनियम केसमधला १० ओहम, १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. तो त्या क्षणी पावणेसहाशे वॅट जिरवतो, आणि एका अक्षाकडून फार तर चारशे येतात. दोन अक्ष एकदम थांबणार असतील तर दोन रेझिस्टर समांतर जोडा.

एलईडीसाठी मिळणारे एसएमपीएस, म्हणजे हलके स्विचिंग सप्लाय, या कामाचे नाहीत, तेही याच कारणाने. परत आलेली वीज दिसली की त्यांचे ओव्हरव्होल्टेज संरक्षण आउटपुट बंद करते आणि मशीन कामाच्या मधोमध थबकते. पुढे मोठा कॅपॅसिटर जोडला तर काही एसएमपीएस सुरूच होत नाहीत, नुसते उचक्या देत बसतात.

कॅपॅसिटरचा आकडा असा काढावा: १३ अँपिअर गुणिले ०.०१ सेकंद भागिले ६ व्होल्टची चढउतार, म्हणजे सुमारे २२,००० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा. अमेरिकी सूत्रे ६० हर्ट्झची असतात. आपल्या ५० हर्ट्झला दोन शिखरांमधले अंतर ८.३ ऐवजी १० मिलिसेकंद असते, म्हणून त्यांच्या आकड्यात पाचवा हिस्सा वाढवावा. केबीपीसी ३५१० हा ब्रिज चालतो, पण हीटसिंकवर, थर्मल पेस्ट लावून. ८ अँपिअरलाच तो १६ वॅट तापतो.

जोडणीत होणाऱ्या चुका सांगतो. कॅपॅसिटर आणि ड्राइव्हच्या मध्ये स्विच किंवा रिले टाकू नये. चालत्या मोटरची परतलेली वीज मग थेट ड्राइव्हवरच आदळते. स्विच ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (२३० व्होल्टच्या बाजूला) असावा. पण नुसती प्रायमरी तोडणारे इमर्जन्सी बटण फसवे असते, कारण कॅपॅसिटरवर अक्ष आणखी सरकतो. त्याच बटणाच्या दुसऱ्या संपर्काने ड्राइव्हचे 'एनेबल' (मोटर चालवण्याची परवानगी देणारा सिग्नल) तुटले पाहिजे. कॅपॅसिटरवर १ किलोओहम, १० वॅटचा ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) कायम हवा. त्याने मिनिटाभरात व्होल्टेज पाचच्या आसपास येते, तरी मीटर लावल्याशिवाय हात घालू नये. प्रत्येक ड्राइव्हची प्लस-मायनसची जोडी कॅपॅसिटरच्या टर्मिनलपासून वेगळी, पीळ घालून आणावी, एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर उडी मारून नव्हे. आणि टोरॉइड चालू करताना बी-कर्व्हचा (करंटच्या छोट्या धक्क्यालाही पडणारा) एमसीबी पडत असेल तर शॉर्ट शोधत बसू नका, तो चालू होतानाचा क्षणिक करंट असतो. प्रायमरीत २२ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर घाला आणि अर्ध्या सेकंदाने रिलेने तो बायपास करा.

आपला,
एक वाचक, भोसरी